रानात चुनखडी आहे, मग खाली गुहा का नाही?

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलं आहे: "सर, श्रीशैलहून परतताना आंध्रातली बेलमची गुहा पाहिली. जमिनीखाली पाणी वाहताना डोळ्यांनी बघितलं. गाईड म्हणाला, हा सगळा चुनखडीचा दगड आहे, पाण्याने विरघळून पोकळ झालाय. आमच्या रानातही चुनखडी भरपूर आहे, नांगरटीला खडे वर येतात. गावचा पाणाड्या सांगतो की खालून नदी गेलीय. आतापर्यंत दोन बोअर मारले, एक साडेचारशे फूट, एक सातशे. दोन्हीत नुसता फुफाटा. आता अण्णा म्हणतात हजारापर्यंत जाऊ. जाऊ का? आजोबांनी पाडलेली पन्नास फुटांची जुनी विहीरही आहे, दिवाळीपर्यंत पाणी असतं, आता गाळाने अर्धी भरलीय."

जाऊ नका. आधी हे सांगून टाकतो, कारण बोअरची गाडी एकदा रानात शिरली की मग कोणी कोणाचं ऐकत नाही. पण का जाऊ नये हे सविस्तर सांगायला हवं. तुम्ही जोडलेला धागा काही उगीच जोडलेला नाही. बेलममध्ये पाहिलंत ते खरं, तुमच्या रानातली चुनखडीही खरी. घोटाळा नावात झालाय.

आपण मराठीत दोन निराळ्या गोष्टींना चुनखडी म्हणतो. एक म्हणजे जुन्या समुद्रांच्या तळाशी थरावर थर साचून झालेला दगड. तो शेकडो फूट जाड असतो, मैलोन्‌मैल पसरलेला असतो. त्याला मी इथे चुनखडक म्हणेन. दुसरी तुमच्या रानातली. मातीत तयार झालेले पांढुरके, वेडेवाकडे खडे, कुठे त्यांचाच हात-दोन हात जाडीचा थर, आणि त्याखाली लगेच मुरूम. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड टाकलं तर दोन्ही सारखेच फसफसतात, म्हणून माणूस फसतो. पण एक आहे डोंगर आणि दुसरी आहे भांड्याच्या तळाला बसलेला क्षार. कसं, ते पुढे येईल.

चुनखडक बघायला खरं तर बेलमपर्यंत जायचीही गरज नव्हती. तो तुमच्या घरात आहे. सोलापुरात जुन्या घरांना जी शहाबादी फरशी असते ती चुनखडकच. कलबुर्गीच्या पुढे वाडीच्या वाटेवर शहाबाद लागतं, तिथल्या खाणींतून ती येते. आपली भीमा खाली त्याच बाजूला वाहत जाते, म्हणून भूगर्भशास्त्रात त्या थरांना भीमेचंच नाव आहे. स्वयंपाकघरातला काळा कडप्पाही चुनखडक, आणि तो ज्या पट्ट्यातून येतो त्याच पट्ट्यात बेलम आहे. आता एक करून बघा. कडप्प्यावर किंवा शहाबादीवर लिंबू पिळा आणि तो रस रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पुसून बोट फिरवा. बाकीचा दगड गुळगुळीत असेल आणि लिंबू पडलं तिथे खरखरीत, मळकट पांढरा डाग असेल. घरातल्या बायका हा डाग पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, म्हणूनच चिंचेचं किंवा लिंबाचं काही सांडलं की लगेच पुसतात. दगड तेवढा खाल्ला गेलेला असतो. मग तेच लिंबू पाट्यावर पिळा. काही होणार नाही. पाटा, वरवंटा, जातं हे सगळं आपल्या काळ्या दगडाचं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या डागात आहे.

निसर्गात लिंबू नसतं, पण पावसाचं पाणी अगदी बेचव नसतं. हवेतून येताना ते थोडा कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं, आणि मातीत शिरल्यावर खूप जास्त घेतं. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी असतो. असं पाणी सौम्य आम्ल होतं, सोडावॉटरसारखं, पण त्याहून कितीतरी फिकं. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये चुनखडक जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळतो. मातीतून आलेल्या पाण्यात हेच प्रमाण दोनशे-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत जातं. आकडा लहान वाटतो. पण हे हजारो वर्षं, प्रत्येक पावसाळ्यात, त्याच फटीतून चाललेलं असतं.

खरी गोम पुढे आहे. दगडात शंभर फटी असतात. त्यातली एखादी केसभर रुंद असते म्हणून तिच्यातून पाणी जरा जास्त जातं. जास्त पाणी गेलं म्हणजे ती जास्त विरघळते, रुंद होते, आणि रुंद झाली म्हणून आणखी पाणी ओढते. शेजारच्या फटी मागे पडतात. सावकाराच्या पेढीसारखं, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच येत राहतं. असं होत होत शेवटी सगळ्या परिसराचं पाणी मोजक्या दोन-चार नळ्यांतून वाहू लागतं. त्या नळ्या म्हणजे गुहा. आणि विरघळलेला दगड पाण्याबरोबर निघून जातो, मागे राहतो तो फक्त त्यातला चिकणमातीचा अंश. दगड जितका निर्मळ तितकी ही माती कमी आणि वाट तितकी मोकळी.

तुम्ही बेलमला गेलात तेव्हा एक गोष्ट लक्षात आली का? वर डोंगर नाही. सपाट शेतं आहेत, आणि त्यात विहिरीसारखे खड्डे. त्यातल्या एकातून तुम्ही खाली उतरलात. ती विवरं कुणी खणलेली नाहीत, पाण्याने खालून पोखरल्यावर वरचं छत बसलेलं आहे. सव्वातीन किलोमीटरची ती गुहा, त्यातला दीड किलोमीटरच्या आसपास भाग लोकांना दाखवतात, आणि सगळ्यात खोल जागी पाताळगंगा. तिचं पाणी येतं आणि पुन्हा दगडात नाहीसं होतं. ती खरीखुरी जमिनीखालची नदी आहे. पाणाड्या जे चित्र रंगवतो ते चित्र तिथे खरं आहे.

अशा मुलखाला जगभर कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे, त्यावरून हा शब्द आला. जगातल्या बर्फाखाली नसलेल्या जमिनीपैकी साधारण १५ टक्के भागावर असे विरघळणारे खडक उघडे आहेत. व्हिएन्ना शहर १८७३ पासून अशाच डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी नळाने आणून पितं. आपल्याकडे मेघालय, बस्तरमधलं कांगेर खोरं, विशाखापट्टणमकडची बोर्रा गुहा ही ठळक उदाहरणं. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो चंद्रपूर-यवतमाळकडे, राजुरा, कोरपना, वणी या भागात. तिथे सिमेंटचे कारखाने झाले ते त्यामुळेच.

मेघालयातल्या मॉमलुह गुहेबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण आपण दुष्काळी पट्ट्यातले. शाळेच्या भूगोलात लवणस्तंभ शिकलो होतो, आठवत असेल. छतातून थेंब पडतो, त्यातला वायू उडून जातो, पाण्याला चुना पेलवत नाही आणि तो तिथेच बसतो. असा खालून वर वाढलेला एक स्तंभ शास्त्रज्ञांनी कापून थरथर तपासला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस एकाएकी कमी झाल्याची खूण त्यात सापडली. २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव अधिकृतपणे दिलं गेलं ते त्या स्तंभावरून. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरात अजून बोलला जातो. चार हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ एका गुहेने थेंबाथेंबाने लिहून ठेवलाय, हे मला दर वेळी सांगताना अंगावर काटा आणतं.

आता प्रश्न असा की खाली नदी असणं हे वर राहणाऱ्याचं भाग्य असतं का? लोकांना वाटतं तेवढं नाही. हा भाग नीट वाचा, कारण नदी लागावी म्हणून तुम्ही नवस बोलताय.

क्रासच्या जवळच चेर्कनीत्सा नावाचं सरोवर आहे. पावसाळी दिवसांत किलोमीटरच्या किलोमीटर पाणी भरतं, लोक नावा घालतात, मासे धरतात. मग तळातली विवरं पाणी गिळतात आणि काही आठवड्यांत तिथे कुरण होतं, त्याच जागी गवत कापतात. उजनीच्या फुगवट्यात पाणी हटलं की आपण गाळपेर करतो तसंच थोडंसं. पण उजनीचं पाणी कुठे गेलं ते आपल्याला माहीत असतं, दारं कोणी उघडली तेही माहीत असतं. तिथे ते दगडात जातं आणि भलत्याच खोऱ्यात निघतं.

भलत्याच म्हणजे किती? जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगन गावाजवळ पात्रातच मुरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्र कोरडं. मुरलेलं पाणी कुठे जातं यावरून नदीकाठच्या लोकांत भांडण होतं. १८७७ च्या ऑक्टोबरात क्नोप नावाच्या शास्त्रज्ञाने त्या विवरांत १० किलो हिरवा चमकणारा रंग सोडला, शिवाय टनांनी मीठ आणि खनिज तेल. साठेक तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवागार वाहू लागला, पाण्याला खारट चव आली, तेलाचा वास आला. आखचं पाणी ऱ्हाईनला मिळतं. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून वाट बदलून उत्तर समुद्राकडे चाललं होतं. आपल्याकडे कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटताना निदान खोऱ्याची हद्द नकाशावर दाखवता येते. कार्स्टमध्ये वरचा डोंगर एक सांगतो आणि खालचं पाणी दुसरंच करतं.

१२ किलोमीटर साठ तासांत म्हणजे ताशी दोनशे मीटर. साध्या वाळूतलं भूजल दिवसाला काही सेंटीमीटर, फार तर मीटरभर सरकतं. हा वेग लोकांना मोहात पाडतो, मला मात्र काळजीत टाकतो. इतक्या वेगाने जाणारं पाणी गाळलं जात नाही. वर जे पडेल ते खाली तसंच्या तसं पोहोचतं. कॅनडात वॉकरटन नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, एका विहिरीजवळच्या शेतातलं शेणखत धुऊन फटी पडलेल्या चुनखडकात उतरलं, आणि क्लोरिन नीट न घातल्याने तेच पाणी नळाला गेलं. २,३०० च्या आसपास माणसं आजारी पडली, ७ दगावली. शेण काही लांबच्या कारखान्यातून आलेलं नव्हतं, शेजारच्या रानातलं होतं.

आणि उपसा केला तर? फ्लोरिडात प्लँट सिटीचे शेतकरी स्ट्रॉबेरी लावतात. जानेवारी २०१० मध्ये तिथे ११ दिवस कडाक्याची थंडी पडली. पीक गोठू नये म्हणून सगळ्यांनी एकदम पंप चालू केले आणि रात्रभर फवारे सोडले. भूजलाची पातळी झपाट्याने उतरली, पोकळ्यांतल्या पाण्याचा आधार गेला, आणि शंभराहून जास्त ठिकाणी जमीन खचली. रस्ते, घरं, रानं. आपल्याकडे उपसा जास्त झाला तर मोटर हवा ओढते, एवढंच होतं. हेही नुकसानच, पण माणूस झोपेत खड्ड्यात जात नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझी बदली वणी भागात होती. एका गावाला पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचं होतं. मी जागा दिली, दीडशे फूट गेलो, राखाडी पीठ उडत राहिलं, ओलावासुद्धा नाही. ड्रिलर म्हातारा होता, त्याच मुलखातला. तो म्हणाला, साहेब, तिकडे दहा पावलं सरकू या. तिथे नव्वद फुटांच्या पुढे मशीनचा आवाज एकदम बदलला, रॉड कुणी खालून ओढावा तसा दीड हात सटकन खाली गेला, आणि भोकातून गढूळ तांबूस पाणी इतक्या जोराने उसळलं की आम्ही सगळे भिजलो. दहा पावलांत एवढा फरक! त्या दिवशी मला समजलं की चुनखडकात पाणी दगडात नसतं, दगडातल्या नळीत असतं. नळी सापडली तर नदी, नाही तर फरशी. आणि ते पाणी पिण्याआधी तपासायला पाठवलं तेव्हा पहिल्या पावसानंतरचे दोन्ही नमुने पिण्यालायक नव्हते.

आता आपल्या दगडाकडे येऊ.

तुमच्या रानाखाली आहे तो बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थर. त्यातली खनिजं चुन्यासारखी विरघळून निघून जात नाहीत. चुनखडक साखरेसारखा जातो, काळा दगड लोखंडासारखा गंजतो. गंज जागेवरच राहतो. तो गंज म्हणजे आपला मुरूम आणि पुढे आपली काळी माती. फट रुंदावायच्या ऐवजी त्याच मातीने चोंदते. म्हणून कितीही वर्षं गेली तरी आपल्या काळ्या दगडात पाण्याने कोरलेली नदी होत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी माणसांनी छिन्नीने खोदली आहेत, हे सांगायची गरज नसावी, पण लोक मला तेही विचारतात.

मग आपल्याकडे पाणी असतं कुठे? वरच्या मुरमात, जिथे दगड सडलाय तिथे. त्याच्या खाली भेगाळलेल्या भागात. आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. प्रत्येक थराचा माथा बुडबुड्यांचा, ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो, आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. मांजऱ्या भेगाळलेला असेल तर पाणी देतो. काळा पाषाण उभ्या भेगा सोडल्या तर काही देत नाही. गेरू चिकण असतो, पाणी अडवतो, बोअरमध्ये फुगून त्रासही देतो. शंभर घनफूट भेगाळलेल्या बेसाल्टमधून हाताला लागणारं पाणी साधारण एक ते तीन घनफूट. एवढीच आपली कोठी.

तुमच्या शेजाऱ्याच्या बोअरला पहिल्या दिवशी तीन इंच पाणी लागलं आणि उन्हाळ्यात आटलं, असं घडलं असेल तर त्याचं कारण हेच. भेग सापडली, तिच्यात साठलेलं पाणी आलं, पण भेगेच्या मागे टाकी नव्हती. पहिल्या दिवसाच्या इंचावर बाग लावणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यांची नावं आठवली की वाईट वाटतं.

खोल गेलं की पाणी वाढतं, हा समज तर मुळातून काढा. खोलीबरोबर भेगा मिटत जातात. वरच्या दगडाचं वजन त्यांना दाबून टाकतं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरपर्यंत, म्हणजे अकराशे फुटांच्या पुढे, लाव्ह्याचेच थर होते. त्याखाली ८ मीटरचा गाळाचा पातळ थर आणि मग थेट जुना ग्रॅनाइटसारखा दगड. चुनखडक नाही, गुहा नाही, नदी नाही. तुमच्याकडे जाडी थोडी कमी-जास्त असेल, पण हजार फुटांवर काही वेगळं लागेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

पाणाड्यांबद्दल लोक माझ्याकडून शिव्यांची अपेक्षा करतात. मी देत नाही. जुने पाणाडे उंबर कुठे हिरवा राहतो, वारूळ कुठे आहे, ओढ्याचं वळण कुठे आहे हे बघतात, आणि चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीच्या काळात तेवढं पुरायचं. तळहातावर नारळ उभा राहिला की काही म्हणायची सोय नसते. पण सातशे फुटांवरचं कोणत्याही झाडाला कळत नाही आणि नारळालाही नाही.

आता तुमच्या रानातल्या खड्यांचं. बेलममध्ये जे घडलं त्याच्या अगदी उलट इथे घडतं. काळ्या दगडाच्या खनिजांत कॅल्शियम असतं. दगड सडताना ते पाण्यात उतरतं. पाऊस हजार-दीड हजार मिलिमीटर असता तर हे पाणी खोल गेलं असतं, ओढ्याने नदीला गेलं असतं. सोलापूरचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाणी हात-दोन हात उतरतं, ऊन त्याला परत ओढतं, आणि पाणी उडून गेल्यावर चुना मातीतच बसतो. वर्षानुवर्षं. एका मुळाभोवती, एका खड्याभोवती. चुनखडी म्हणजे इथे पाणी खोल जात नाही याची खूण. तुम्ही ती गुहेची खूण समजलात, म्हणून म्हटलं की घोटाळा नावात झालाय.

हे तुम्ही रोज बघताही. तुमच्या ठिबकच्या ड्रीपरला पांढरा क्षार बसतो ना? बंब आतून खरवडता ना? लवणस्तंभ होतो तोच हा चुना, त्याच कारणाने. आणि ड्रीपर मोकळे करायला नळीतून अ‍ॅसिड सोडता तेव्हा जे होतं तेच बेलममध्ये लाखो वर्षं झालं. एकाच रानात दोन्ही बाजूंचं रसायन तुमच्या हाताखालून जातं. (चुनखडीच्या भागात द्राक्षाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेही याच चुन्यामुळे. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. ते उत्तर शेतीतज्ज्ञांकडून घ्या.)

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मला सांगायलाच हवी. कोरडं गेलेलं बोअर पुनर्भरणाला वापरू, असं कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. रानातलं पाणी चर काढून थेट बोअरमध्ये सोडायचं. नीट विचार करा, हे आपण काय करतोय? ज्या मुलखात विवर नाही तिथे हाताने विवर करतोय. मातीचा गाळण्याचा थर ओलांडून वरचं पाणी सरळ खालच्या भेगेत. वॉकरटनला निसर्गाने जे केलं ते आपण केसिंग पाइप घालून करतो. द्राक्ष बागेतून वाहून आलेल्या पाण्यात फवारणीची औषधं असतात, शेणखत असतं, गाळ असतो. गाळाने भेग कायमची चोंदते, आणि औषध शेजाऱ्याच्या पिण्याच्या बोअरमध्ये उतरू शकतं. पुनर्भरण करायचंच असेल तर घराच्या किंवा शेडच्या पत्र्यावरचं पाणी घ्या, पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडा, आणि मध्ये दगड-खडी-वाळूचा गाळण खड्डा नीट बांधा. रानाचं पाणी रानातच मुरवा, बांधाला, चरीला, नाल्याला. ते मातीतून जाईल, हळू जाईल, पण स्वच्छ जाईल. आणि जे बोअर वापरात येणार नाही त्याचं तोंड आजच झाकण लावून पक्कं बंद करा. लेकरं फिरतात रानात.

एवढं झाल्यावर करायचं काय, ते तुमच्या जुन्या विहिरीपासून सुरू होतं. प्रश्नात तिचा उल्लेख शेवटी एका ओळीत केलात: पन्नास फुटांची, आजोबांनी पाडलेली, दिवाळीपर्यंत पाणी असतं, आता गाळाने अर्धी भरलीय. माझ्या लेखी तुमच्या रानातली सगळ्यात भरवशाची जागा तीच. गाळ काढा. काढताना बाजूच्या भिंतीत ओल कुठल्या उंचीवर दिसते, कुठून उमाळा येतो, ते खडूने आखून ठेवा. त्या ओलीच्या पातळीवर आडवे बोअर मारले तर मुरमातलं आणि सांध्यातलं पाणी विहिरीकडे येतं. उभ्या हजार फुटांपेक्षा आडवे चाळीस-पन्नास फूट आपल्या दगडात जास्त कामाचे, कारण आपलं पाणी आडवं पसरलेलं आहे. मग वर्षभर दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून पातळी मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षी किती एकर बाग ठेवायची ते ती वही सांगेल.

आणि सातशे फुटांच्या बोअरचा चुरा अजून बांधावर पडलेला असेल तर तो जाऊ देऊ नका. ड्रिलर रॉडमागून रॉड जोडत गेला तसे त्याने चुऱ्याचे छोटे छोटे ढीग टाकले असतील. त्यात तांबडा थर कितव्या रॉडला आला, पांढरे-हिरवट चमकते कण कुठे आहेत, निव्वळ काळपट पीठ कुठून सुरू झालं हे बघायचं आहे. ढिगांवर पाणी शिंपडा आणि ओले असताना क्रमाने फोटो काढा, कोरड्यात सगळे सारखेच राखाडी दिसतात. विहिरीच्या भिंतीचे फोटोही त्यासोबत पाठवा. गेरू तुमच्या विहिरीच्या तळाच्या आसपासच असेल तर आडवे बोअर कोणत्या बाजूला घ्यायचे ते मी त्यावरून सांगू शकेन.